सिंगापूर ते न्यूयॉर्क: १५,३४९ किलोमीटर आणि घड्याळाचे न हललेले काटे

जेएफके विमानतळावर उतरलो तेव्हा मनगटावरच्या घड्याळात सात वाजत आले होते. सिंगापूरची सकाळ, न्यूयॉर्कची आदल्या दिवसाची संध्याकाळ. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या वेळेत बरोबर १२ तासांचा फरक असतो, म्हणून काट्यांना हातही लावावा लागला नाही. हिवाळ्यात तोच फरक १३ तासांचा होतो.

निघण्यापूर्वी मी सरळ भागाकार केला होता: १५,३४९ किलोमीटर, ताशी ९०० चा वेग, म्हणजे १७ तास. तिकिटावर मात्र साडेअठराच्या पुढचा आकडा. तिकिटावरची वेळ गेट सुटल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतची असते; धावपट्टीपर्यंतची रांगही त्यातच धरलेली. शिवाय १५,३४९ हे गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर आहे आणि ती रेघ उत्तर ध्रुवाला जवळजवळ चिकटून जाते. विमान त्या रेघेवरून जाईलच असं नाही, कारण वाट वाऱ्यावर ठरते. आमचं विमान पॅसिफिकवरून गेलं. पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा जोरदार वारा, पाठीशी होता आणि समोरच्या पडद्यावर वेग ११०० च्या वर गेलेला दिसत होता. वाट लांबली, तरी ती फायद्याची ठरली. परतीला अटलांटिक ओलांडून पुन्हा पूर्वेकडेच. दोन तिकिटांत पृथ्वीप्रदक्षिणा झाली, याचा आनंद मला अजून आहे.

परतीच्या तारखेत मात्र मी फसलो. शुक्रवारी रात्री साडेदहाला निघालेलं विमान सिंगापूरला पोहोचतं ते रविवारी पहाटे. मी गाडी सांगितली होती शनिवारची. ती येऊन, वाट पाहून परत गेली आणि पैसेही गेले. तेव्हा गाडी किंवा हॉटेल ठरवण्याआधी तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेपुढे लिहिलेलं +१ किंवा +२ नीट वाचा. पहाटे पोहोचल्या पोहोचल्या खोली हवी असेल, तर आदल्या रात्रीपासूनचं बुकिंग करा.

या मार्गावरच्या ए३५०-९०० यूएलआर (अतिलांब पल्ल्याच्या) विमानात १६१च जागा आहेत आणि इकॉनॉमी वर्गच नाही: बिझनेस नाही तर प्रीमियम इकॉनॉमी. त्यामुळे तिकीट महाग पडतं. एक थांबा घेऊन जाणं स्वस्त पडत असेल, तर थांब्याचे तास धरून तुलना करा. वयस्कर माणूस सोबत असेल तर मी थेट विमानच घेईन. मध्यरात्री अनोळखी विमानतळावर गेट शोधत फिरणं त्यांना फार जड जातं.

जागा आइलचीच घ्या. दर दोन तासांनी उठून मागच्या मोकळ्या जागेपर्यंत चालून यायचं आणि बसल्या बसल्या पावलं वरखाली करायची; मी हे नेमाने केलं आणि पाय सुजले नाहीत. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर टर्मिनल १ ते ३ मध्ये सुरक्षा तपासणी गेटपाशी होते, म्हणून आत विकत घेतलेली पाण्याची बाटलीही तिथे रिकामी करावी लागते. रिकामी बाटली जवळ ठेवा आणि विमानात भरून मागा.

वेळेवर गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून आधीच कागदावर तास लिहून घ्यावेत: निघाल्यापासून सहावा तास, चौदावा तास, असे. खिडक्या खाली ओढून दिवे मालवले की बाहेर दिवस आहे की रात्र, हेच कळत नाही.