वाचन-नोंद: इंटरफेसमागचं मानसशास्त्र, रॅस्किनपर्यंत

हौस म्हणून बनवतोय त्या टिपणांच्या अ‍ॅपसोबत वाचनही चालू आहे. डॉन नॉर्मनचं, रोजच्या वस्तूंच्या रचनेवरचं 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज' बहुतेकांचं वाचून झालेलं असतं, त्यामुळे फार लिहीत नाही. घ्यायचंच तर २०१३ची सुधारित आवृत्ती घ्या. त्यात आलेली 'सिग्निफायर'ची (कुठे काय करता येतं हे दाखवणाऱ्या खुणेची) कल्पना स्क्रीनवरच्या कामाला जास्त उपयोगी पडते. पण पहिलं पुस्तक म्हणून मी आता जेफ जॉन्सनचं 'डिझायनिंग विथ द माइंड इन माइंड' सुचवेन. नॉर्मन पटतो, पण उद्या नेमकं काय बदलायचं ते कळत नाही. जॉन्सन वाचला की लगेच कामाला लागता येतं.

उदाहरणार्थ, नजरेच्या मध्यावरचे एक-दोन अंश सोडले तर आपल्याला बारीक काही दिसत नाही. हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढी जागा, बस्स. चाचणीला बसलेली बहीण 'सेव्ह' पुन्हा पुन्हा दाबत होती आणि फॉर्मच्या डोक्यावरची, चूक सांगणारी लाल ओळ तिच्या गावीही नव्हती. तो संदेश आता थेट त्या त्या रकान्याखाली येतो.

सध्या हातात जेफ रॅस्किनचं 'द ह्युमेन इंटरफेस' (२०००) आहे. अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकाच्या प्रकल्पाची सुरुवात करणारा हाच माणूस. उदाहरणं जुनी झालीत, सूर कधीकधी हेकट आहे, तरी 'खरंच डिलीट करायचं?' या खिडकीबद्दल तो जे म्हणतो ते अजून लागू आहे. तोच प्रश्न रोज आला की 'हो' दाबणं डिलीटचाच भाग होऊन बसतं. लक्ष तिकडे नसतंच, मग विचारून उपयोग काय? म्हणून ती खिडकी काढली आणि 'अनडू' दिलं. कोडची डोकेदुखी मात्र वाढली, कारण पुसलेलं टिपण टॅगसकट परत आणावं लागतं.

जाता जाता: 'मेनूत सातच गोष्टी ठेवा' म्हणून मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरचा १९५६चा लेख पुढे करणाऱ्यांवर विसंबू नका. त्यातली सातच्या आसपासची मर्यादा तात्पुरत्या स्मरणशक्तीची आहे, आणि मेनू तर डोळ्यांसमोरच असतो.

पुढे कार्ड, मोरान आणि न्यूएल या तीन संशोधकांचं १९८३चं जाडजूड पुस्तक घेणार आहे. एकेक की दाबायला, हात माउसकडे न्यायला किती वेळ लागतो याचा हिशोब त्यात आहे. 'नवं टिपण'चा स्क्रीन त्या हिशोबात बसवून बघायचाय.