डोळे मिटून बसलेला माणूस मोकळाच असतो

मराठी घरात देवघरासमोर बसलेल्या माणसाला सहसा कुणी हाक मारत नाही. पूजा चालू असेल, पोथी वाचायला घेतली असेल किंवा बोटांतून माळ सरकत असेल, तर दारावरच्या कुरिअरवाल्यालाही ‘जरा थांबा, पूजेला बसलेत’ असे सांगितले जाते आणि तोही बिचारा थांबतो. तोच माणूस समोर निरांजन नसताना, हातात माळ नसताना नुसता डोळे मिटून आसनावर बसला, की घराच्या लेखी तो मोकळा असतो. मोकळ्या माणसाला वीजबिल भरले का ते विचारता येते, किल्ल्या कुठे ठेवल्या ते विचारता येते, आणि उत्तर यायला उशीर झाला तर ‘झोप लागली होती का गं?’ अशी आपुलकीची चौकशीही करता येते. ध्यानात सातत्य का राहत नाही याविषयी बोलताना सगळे मनाच्या चंचलपणावर घसरतात. घराच्या या समजुतीविषयी मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

आमच्याकडे सासूबाईंचा जप आणि माझे ध्यान एकाच छपराखाली चालते, त्यामुळे हा फरक मला रोज पाहायला मिळतो. सासूबाई आंघोळ करून आल्या, की उजवा हात गोमुखीत, म्हणजे माळेच्या कापडी पिशवीत, जातो आणि माळ सुरू होते. त्यांचे लक्ष सर्वस्वी नामात असते असे म्हणवत नाही, कारण दूध वर येऊ लागल्याचे घरात सर्वांत आधी त्यांनाच कळते आणि मग ‘हूं, हूं’ असा आवाज काढत त्या डाव्या हाताने स्वयंपाकघराकडे अशी काही खूण करतात की घरातले असतील तेवढे सगळे गॅसकडे धावतात. उजव्या हातातली माळ तेवढ्यातही थांबलेली नसते. एकशे आठ मणी होतात, मेरुमणी लागतो, तो न ओलांडता माळ उलटी फिरते, ठरलेल्या माळा झाल्या की त्या उठतात. आज मन लागले की नाही, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला असेल असे मला वाटत नाही. गावाला गेल्या तरी, ताप असला तरी, त्यांच्या जपात खंड पडत नाही.

याचे श्रेय मी केवळ त्यांच्या श्रद्धेला देत नाही. जपाला सुरुवात आहे, मोजमाप आहे आणि शेवट आहे. आंघोळीनंतर तो करायचा आणि झाल्याशिवाय तोंडात काही घालायचे नाही, असा त्याचा पक्का शेजारही आहे. ध्यान मात्र अगदी उघडे-बोडके असते. ते कधी सुरू झाले हे दिसत नाही, किती झाले हे मोजता येत नाही, आणि संपले तेव्हा नेमके काय झाले हे घरच्यांना तर सोडाच, स्वतःलाही सांगता येत नाही.

मी ध्यान शिकले ते इगतपुरीला, धम्मगिरीवर. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या त्या केंद्रावर विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे भरू लागली. पहाटे चार वाजता घंटा होते. पहिले तीन दिवस केवळ आनापान, म्हणजे नाकपुड्यांच्या दाराशी येणारा-जाणारा श्वास जाणत राहायचे, आणि चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगभर उमटणाऱ्या संवेदना समतेने पाहत राहण्याची साधना, दिली जाते. तेव्हापासून दिवसातून तीन वेळा एकेक तास आसन न मोडता बसण्याचे अधिष्ठान असते. संध्याकाळी पाच वाजता नव्या साधकांना फळ आणि चहा मिळतो, जुन्यांना लिंबूपाणी. या साऱ्या शिस्तीचे आपण घरी आल्यावर कौतुकाने वर्णन करतो आणि त्यात एक गोष्ट सांगायची राहून जाते, की तिथले सातत्य आपले नसते, ते त्या जागेचे असते. मोबाइल जमा केलेला असतो, वाचायला-लिहायला मनाई असते, मौन असते, आणि दोन्ही वेळचे आयते ताट धम्मसेवकांनी सांभाळलेले असते. ज्या बाईने वर्षानुवर्षे सकाळी उठून आधी पोळ्यांची कणीक भिजवली आहे, तिचे मन तिथे एकाग्र झाले तर त्यात नवल ते काय?

निरोप घेताना सांगितले जाते, की घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा. मग गाडी कसारा घाट उतरते, मोबाइलवर साचलेले निरोप धडाधड येऊ लागतात, आणि नव्याचे नऊ दिवस संपले की तासाचा अर्धा तास होतो, अर्ध्याचा पाव होतो, आणि एक दिवस आसन गुंडाळून कपाटावर जाते.

घरी ध्यानाला बसताना येणाऱ्या अडचणी काही नव्या नाहीत. पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताला विक्षेप करणारे नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगितले आहेत आणि त्या यादीत पहिले स्थान व्याधीला दिले आहे, हे मला फार शहाणपणाचे वाटते. वासनेसारखे भारदस्त शत्रू पुढचे. आधी गुडघा दुखतो आणि सर्दीने नाक चोंदते. मांडी घालून बसल्यावर थोड्याच वेळात उजव्या पावलाला मुंग्या येतात आणि त्या पोटरीपर्यंत चढल्या की जगातले सर्व तत्त्वज्ञान त्या एका पावलात गोळा होते. बैठकीखाली जाड घडी केलेली सतरंजी घेतली आणि गुडघे कमरेपेक्षा खाली राहिले की निम्मा प्रश्न सुटतो. उरलेल्या निम्म्यासाठी सरळ खुर्चीवर बसावे, त्यात कमीपणा नाही. झोपेचे म्हणाल तर दुपारच्या जेवणानंतर ध्यानाला बसणे म्हणजे डुलकीला बोलावणे धाडणे. श्वास अगदी पुसट होऊन गुंगी येऊ लागली, तर दोन-चार श्वास जरा जोराने घ्यावेत असे शिबिरात सांगतात, आणि तेवढ्याने खरोखर जाग येते. आवाजांची गत वेगळी आहे. कचरागाडीचे गाणे किंवा वरच्या मजल्यावरचा मिक्सर काही काळाने नुसता आवाज होऊन राहतो, परंतु आपल्याच कुकरची शिट्टी कधीही नुसता आवाज होत नाही, कारण ती मोजायची असते.

या सगळ्यांहून चिवट अडचण मला निराळीच वाटते, आणि ती म्हणजे कधीतरी साधलेल्या चांगल्या बैठकीची आठवण. शिबिराच्या सातव्या-आठव्या दिवशी केव्हातरी मन असे काही निवळते, की तासाची घंटा झालेली कळत नाही. पुढे घरी बसले, की मन श्वासाकडे न जाता थेट त्या तासाकडे जाते आणि आजच्या बैठकीचा त्याच्याशी ताळा करू लागते. आज काही तसे नाही, असा निकाल लागला की उठावेसे वाटते. आळसाने जितके लोक ध्यान सोडतात त्याहून अधिक जण अशा निराशेने सोडत असावेत, असा माझा कयास आहे. पतंजलींच्या यादीतला शेवटचा अंतराय हाच आहे: साधनेतली पायरी गाठता येते, पण तिथे टिकता येत नाही.

सवय जडण्याविषयी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला या बाबतीत धीर देणारा वाटला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ९६ जणांना रोजची एखादी साधी नवी कृती निवडून ती दिवसातल्या ठरावीक घटनेला, उदाहरणार्थ न्याहारीला, जोडायला सांगितले. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. मात्र माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत अंतर होते, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे काही बिघडत नव्हते. एकवीस दिवसांत सवय लागते असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. सलग दिवसांची साखळी दाखवणारी आणि ती तुटली की शून्यावर आणून ठेवणारी ध्यानाची ॲप मला म्हणूनच पटत नाहीत. चुकलेला दिवस निरुपद्रवी असतो. शून्य पाहून आलेली खिन्नता तशी नसते.

सासूबाईंनी जपाला आंघोळीचा शेजार दिला आहे तो ठरावीक घटनेला जोडण्याच्या याच न्यायाने. मी ध्यानाला पाण्याचा दिला. आमच्याकडे नळाला पाणी पहाटे येते आणि ते भरून झाल्यावर दूधवाला येईपर्यंत घरात कुणालाही माझे काही काम नसते. एवढाच वेळ मी ध्यानाला दिला आहे. तो तासापेक्षा बराच कमी आहे आणि त्यात वाढ करण्याचा मोह मी टाळते. देवघराच्या बाजूलाच बसत असल्याने घरच्यांचा थोडा गोंधळ होतो आणि तो मी मुद्दाम दूर करत नाही. गोयंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते. त्यांनी आपल्या कचेरीतच साधनेची सोय केली होती. सरकारी हिशेब सांभाळणाऱ्या माणसाने निर्धारावर विसंबून न राहता आधी जागा आणि वेळ नेमावी, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

आठवड्यातून एकदा आमच्या भागातले जुने साधक सामूहिक साधनेला एकत्र बसतात. तिथे एक वयस्कर गृहस्थ नेमाने येतात, भिंतीजवळची खुर्ची घेतात आणि थोड्याच वेळात संथपणे घोरू लागतात. त्यांना जागे करावे की नाही यावर पूर्वी कुजबुज होत असे, आता होत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि गणपतीत बाकीच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होतात, तेव्हाही त्यांची भरलेली असते.