पैलतीरावरचं प्रजासत्ताक

उझुपिस म्हणजे नदीपलीकडचं. लिथुआनियाची राजधानी व्हिल्निअस, तिच्या जुन्या गावातली व्हिल्नेले नदी ओलांडली की हा मोहल्ला लागतो. "आपल्या भाषेत पैलतीर," असं मी सांगताच बाबा म्हणाले, "या वयात मला तिकडे नेतेस होय?"

कॅथेड्रलच्या चौकातून रमतगमत पंधराएक मिनिटं लागतात. वाटेत सेंट ॲनचं लाल विटांचं चर्च बघून घ्या. पुलापाशी सरहद्दीची पाटी आहे, तिच्यावर चार चित्रं: हसरा चेहरा, ताशी 20 ची वेगमर्यादा, मोनालिसा आणि पाण्यात कोसळणारी मोटार.

इथल्या कलाकारांनी 1 एप्रिल 1997 रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. तारीख बघा म्हणजे प्रकार कळेल. राष्ट्राध्यक्ष आहे, मधोमध भोक असलेल्या तळहाताचा झेंडा आहे, डझनभर माणसांचं सैन्यही होतं. मान्यता मात्र एकाही देशाची नाही. गमतीखाली दुखरा इतिहास आहे. महायुद्धाआधी इथे बरीचशी ज्यू वस्ती होती. नाझींनी ती संपवली, घरं ओस पडली आणि सोव्हिएत काळात मोहल्ला बदनाम झाला. पडक्या घरांत कलाकार शिरले ते त्यानंतर. आता इथे घर घेणं भल्याभल्यांना परवडत नाही.

चौकातला कर्णा फुंकणारा देवदूत, नदीकाठच्या कोनाड्यातली जलपरी, हे सगळे बघतातच. जास्त वेळ ठेवा तो पाउपिओ रस्त्यासाठी. तिथल्या भिंतीवर संविधान लावलंय: 41 कलमं, कितीतरी भाषांत, देवनागरीतही. पाट्या आरशासारख्या लखलखीत असल्यामुळे फोटोत कलमं कमी आणि आपलाच चेहरा जास्त येतो. तिरकं उभं राहून काढा.

बाबांचा जन्म परिपत्रकं वाचण्यात गेला. ते चष्मा पुसून इंग्रजी पाटीसमोर उभे राहिले. पहिलं कलम: प्रत्येकाला व्हिल्नेलेकाठी राहायचा हक्क आहे, आणि व्हिल्नेलेला प्रत्येकाजवळून वाहायचा. दुसरं: गरम पाणी, हिवाळ्यात ऊब, कौलारू छप्पर. "पाण्याचं आधी बघितलं, शहाणे आहेत." तिसरं: मरायचा हक्क सर्वांना आहे, पण सक्ती नाही. इथे ते थांबले, मग हळूच म्हणाले, "हे लिहून घे गं." पुढे कुत्र्याला कुत्रा असायचा हक्क आहे. मांजराने धन्यावर प्रेम केलंच पाहिजे असं नाही, पण अडीअडचणीला मदत करावी. यावर बाबांना आमची मनी आठवली; ती दोन्हीतलं काही करत नाही.

इथला शिक्का हौसेने खऱ्या पासपोर्टावर मारून घेऊ नका, पुढे विमानतळावर कटकट होऊ शकते. साधी वही न्या. आम्ही वही हॉटेलात विसरलो होतो, त्यामुळे बाबांच्या औषधांच्या चिठ्ठीमागे उझुपिसचा शिक्का आहे.

जेवायला शाल्तिबार्श्चाय घ्या: गार, गुलाबी, बीटाची कोशिंबीर ताकात पातळ केल्यासारखं सूप, सोबत गरम बटाटे. त्यात उकडलेलं अंडं असतं, नको असेल तर आधीच सांगा.

वेगळा व्हिसा नाही, शेंगेन पुरतो, पैसे युरोत. रस्ते दगडी आणि चढाचे आहेत, गुळगुळीत तळाच्या चपला हॉटेलातच ठेवा. 1 एप्रिलला गेलात तर पुलावर हौशी पहारेकरी तुमचे कागद तपासतील. बाबांना तेवढ्यासाठी परत जायचंय.