लिंकन सेंटरच्या तिसऱ्या मजल्यावर मेपलसन ऐकताना

जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं नाही. ते १९४६पर्यंत हयात होते, तोवर रेकॉर्डी सर्रास निघत होत्या, तरीही नाही. ही हळहळ मनात कायम असते, म्हणूनच लायनेल मेपलसनबद्दल कळल्यावर मला स्वस्थ बसवेना. मेपलसन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा ग्रंथपाल. १९००च्या सुमारास त्याने एडिसनचा फोनोग्राफ घेतला आणि पुढची काही वर्षं चालू प्रयोगातलं गाणं मेणाच्या सिलिंडरवर टिपलं. आधी प्रॉम्प्टरच्या जागेतून, मग रंगमंचाच्या वर उंचावरून. एका सिलिंडरवर जेमतेम दोनेक मिनिटं मावायची.

हा ठेवा न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या लिंकन सेंटरमधल्या शाखेत, रॉजर्स अँड हॅमरस्टाइन ध्वनिसंग्रहात आहे. मी राहतो न्यू जर्सीत, पण नोकरी मॅनहॅटनमध्ये. न्यूयॉर्क राज्यात काम करणाऱ्यालाही लायब्ररीचं कार्ड फुकट मिळतं, त्यामुळे ते काम सोपं गेलं. वेळ गेला तो कॅटलॉगमध्ये. एकाच संग्रहाच्या नोंदी वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेल्या. शेवटी सरळ ईमेल केला. कोणत्या विद्यापीठातून, कशासाठी, असं काही न विचारता ग्रंथपालबाईंनी नेमकं काय मागवायचं ते कळवलं. सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे काय, ते मला त्या उत्तरातून समजलं.

मूळ सिलिंडर अर्थातच कुणाच्या हाती देत नाहीत. त्यांवरून लायब्ररीने १९८५मध्ये काढलेला सहा एलपींचा संच आहे, आणि त्याची पुस्तिका. ती आधी वाचावी, हे आग्रहाने सांगेन. कोणत्या रात्री कोण गात होतं हे माहीत नसेल, तर पहिल्यांदा नुसती खरखर ऐकू येते. मग कान सरावतो. ‘ले ह्युगनो’ या ऑपेरातली गायिका नेली मेल्बाची तान त्या खरखरीतून अशी वर येते, की मी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले. जां द रेश्के हा त्या काळचा सर्वांत गाजलेला टेनर, म्हणजे चढ्या आवाजाचा पुरुष गायक. त्याचा आवाज ऐकायचा तर याच सिलिंडरांवर. तो फार दूरचा, ऑर्केस्ट्राआड दबलेला आहे, पण चढा स्वर घेताना तो जोर करत नाही, हे मला स्पष्ट जाणवलं.

जाणार असाल तर मागणी आधी नोंदवा, बरंचसं साहित्य शहराबाहेरच्या साठ्यातून आणावं लागतं. टिपणांसाठी पेन्सिल न्या. आणि घाईत जाऊ नका, सगळी दुपार मोकळी ठेवा.