तुम्ही विचारलंत म्हणून: देव मानत नाही, मग अडवतं कोण?

‘देव मानत नाही, मग लबाडी करण्यापासून तुम्हाला अडवतं कोण?’ हा प्रश्न वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात मला वरचेवर विचारला जातो. विचारणारे बहुतेक माळकरी आणि मनाने निर्मळ असतात, म्हणून उत्तरही तितक्याच मोकळेपणाने देतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी शेतात काटा लागतो. मजुरी किलोवर असते, आणि दिवसभर वाकून वेचलेल्या कापसाचे वजन अर्धा किलो कमी धरले तर त्या बाईच्या हातात काय कमी पडेल, हे वजन करणाऱ्याला नेमके ठाऊक असते. तिथे मला अडवते ती समोर उभी असलेली बाई. तिचे कष्ट मी पाहिलेले असतात आणि तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवलेला असतो. शेजारचा माळकरी शेतकरी तेच वजन विठ्ठलाला स्मरून चोख करतो, आणि त्याच्या श्रद्धेला मी तसूभरही कमी लेखत नाही. पण गंध लावून मापात मारणारेही गावाने पाहिले आहेत, आणि त्यांना लबाड ठरवण्यासाठी कोणालाही पोथी उघडावी लागली नाही. भक्ती खरी की दिखाऊ, हे ज्यावरून आपण ओळखतो ती नीती भक्तीच्या आधीच आपल्याजवळ असली पाहिजे.

आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनकार होते. गोपाला गोपाला हा गजर त्यांच्या मुखी असे. तरीही देवापुढे बकरे कापू नका, सणासाठी कर्ज काढू नका, शिवाशिव पाळू नका, हे त्यांनी गावोगाव बजावले. रूढीतले काय ठेवावे आणि काय टाकावे, हे या निरक्षर माणसाने उपाशी आणि उघड्या माणसाकडे पाहून ठरवले होते, असे मी मानतो.

सेवाग्रामचे उदाहरण तर घराजवळचे आहे. ‘गोरा’ या नावाने ओळखले जाणारे आंध्रातले नास्तिक कार्यकर्ते गांधीजींशी चर्चा करायला तिथे येत. त्यांच्या मुलीचा विवाह एका दलित तरुणाशी ठरला, तेव्हा तो आश्रमात लावण्यास गांधीजींनी मान्यता दिली आणि विधीत ईश्वराऐवजी सत्याचे नाव घेण्याचेही मान्य केले. गांधीजींच्या हत्येनंतर, १९४८ साली, तो विवाह सेवाग्रामलाच झाला. जात मोडण्याच्या कामात एक आस्तिक आणि एक नास्तिक एकाच बाजूला उभे होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

एक आक्षेप मात्र मला खरोखर जड वाटतो: एकटा माणूस धर्मावाचून नीतीने वागेल, पण सबंध समाजाचे काय? बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्या लोकांना नुसते धर्माबाहेर काढले नाही, तर बुद्धाचा धम्म दिला. त्या धम्मात ईश्वराला जागा नाही आणि त्याच्या ठिकाणी नीती आहे, असे त्यांनी मांडले. पण पंचशील सर्वांनी मिळून, मोठ्याने म्हणायचे असते. हे सामुदायिक बळ मी नाकारत नाही. कर्जापायी एखाद्या शेतकऱ्याने जीव दिला, तर त्याच्या घरी भजनी मंडळ न बोलावता जाते आणि तेरवीपर्यंत त्या घराला एकटे पडू देत नाही. देव न मानणाऱ्यांनी असे हमखास पोहोचणारे मंडळ अजून गावात उभे केलेले नाही, आणि मला ते उभे राहिलेले पाहायचे आहे.