फॉस्टर कुत्रा: पहिल्या तपासणीपासून कायमच्या घरापर्यंत

रेस्क्यू केलेल्या कुत्र्याला घर मिळतं. ते टिकतं की नाही, हे मात्र फॉस्टरच्या काळात, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तो तात्पुरता आपल्याकडे असताना, आपण काय काय पाहिलं आणि त्यातलं किती हातचं न राखता सांगितलं, यावर ठरतं. खाऊपिऊ घालणं, औषधं देणं हे माझ्या लेखी निम्मंच काम. त्या कुत्र्याची नीट ओळख करून घेणं हे उरलेलं निम्मं, आणि तेच जास्त वेळखाऊ.

घरात आधीचा कुत्रा असेल तर नव्याला निदान १४ दिवस वेगळ्या खोलीत ठेवते. पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य जुलाब-उलट्यांच्या आजाराची लक्षणं लागण झाल्यावर बहुधा आठवड्याभरात दिसतात, पण दोन आठवडेही लागू शकतात. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराला कधी त्याहून जास्त. भांडी, अंथरूण, फरशीचं फडकं आणि त्या खोलीत जायच्या चपला, सगळं वेगळं. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने तग धरतो आणि फरशी पुसायच्या साध्या द्रवाने मरत नाही. १ भाग घरगुती ब्लीच आणि ३२ भाग पाणी हे प्रमाण चालतं, पण आधी घाण पूर्ण काढायची आणि मग जागा १० मिनिटं ओली राहू द्यायची. घाणीवरच ब्लीच ओतलं की त्याचा जोर तिथेच संपतो. कुत्र्याला त्या खोलीत पुन्हा सोडायचं ते जागा धुऊन वाळल्यावर.

डॉक्टरांकडे पहिल्याच भेटीत चिप, म्हणजे ओळख पटवण्यासाठी कातडीखाली बसवलेली क्रमांकाची बारीक चकती, असली तर स्कॅन करून घ्यायची. रेस्क्यू म्हणून आलेला कुत्रा कुणाचा तरी हरवलेला असू शकतो. मग वजन, ताप, त्वचा, कान, दात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला अंग गरम लागलं म्हणून घाबरायचं कारण नाही. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरड्या फिकट, अंगावर गोचीड आणि खाण्यावर मन नाही, असं दिसलं तर रक्त तपासून घ्यावं. गोचीडतापात रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, उतरतात आणि ते लक्षात न घेता नसबंदी केली तर रक्तस्राव आवरणं अवघड जातं. खाज आणि केस गळणं असेल तर त्वचा खरवडून तपासणी करावी: सारकोप्टिक खरूज माणसाला आणि दुसऱ्या कुत्र्याला लागते, डेमोडेक्स या बारीक किड्यामुळे होणारी लागत नाही.

जंतनाशकाच्या एका डोसवर थांबू नये. पहिला डोस प्रौढ जंत मारतो, शरीरात वाढत असलेल्या अळ्या मागे राहतात. म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा. पिल्लांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि वय १६ आठवडे होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी द्याव्या लागतात. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निष्प्रभ करते आणि ती नेमकी कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं असतं, म्हणून मधला डोस चुकवायचा नाही. फार खंगलेल्या कुत्र्याला पहिल्या दिवशी पोटभर वाढायचा मोह आवरावा. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने घसरतं आणि जिवावर बेततं. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं थोडं थोडं अन्न दिवसातून बऱ्याच वेळा द्यायचं आणि प्रमाण हळूहळू वाढवायचं.

पहिल्या आठवड्यातला सगळ्यात मोठा धोका म्हणजे पळून जाणं. घाबरलेला कुत्रा पुढे ओढत नाही, मागे सरकतो: मान खाली घालतो, खांदे आत घेतो आणि हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, डोक्यावरून निघून जातो. म्हणून हार्नेसला एक दोरी आणि ओढल्यावर मर्यादेत आवळणाऱ्या मार्टिंगेल गळपट्ट्याला दुसरी, दोन्ही माझ्या हातात. दाराशी त्याला मोकळं कधीच ठेवत नाही. बाहेरचं दार उघडायच्या आधी आतलं बंद. एवढं करूनही सुटलाच तर मागे धावू नये. पाठलाग केला की तो आणखी लांब जातो. जमिनीवर बसावं, तोंड दुसरीकडे करावं, खाणं खाली टाकावं.

घरात शू होणारच. दर दोन तासांनी, शिवाय झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर बाहेर न्यायचं. डाग एन्झाइमच्या क्लीनरने पुसावा. अमोनिया असलेल्या क्लीनरचा वास त्याला लघवीसारखाच वाटतो आणि तो पुन्हा तिथेच जातो.

आता ओळखीचं काम. पहिले काही दिवस कुत्रा गप्प असतो आणि लोक त्याला 'किती शांत आहे' म्हणतात. ती बहुतेकदा भीती असते. खरा स्वभाव दोन-तीन आठवड्यांनी उघडा पडतो, म्हणून त्याआधी मी त्याला दत्तक देण्याची जाहिरात लिहीत नाही. तो खात असताना वाटीजवळून कुणी गेलं की काय होतं ते लांबून बघते: घास चघळणं थांबून अंग ताठ होतं का, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतो का, घास भराभर जातात का. असं असेल तर वाटी हिसकायची नाही; जवळून जाताना आणखी चांगला घास टाकत जायचं. गुरगुरला म्हणून ओरडायचंही नाही. गुरगुरणं दाबलं की इशारा जातो आणि थेट चावा उरतो. एकटं ठेवून कॅमेरा लावते. विरहाचा त्रास असेल तर धाप, येरझाऱ्या, दार ओरबाडणं बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसतं.

मग हे जसंच्या तसं लिहायचं. 'जरा लाजाळू' या शब्दांतून कुणालाच काही कळत नाही. 'अनोळखी पुरुष आत आला की भुंकतो, माणूस शांत बसून राहिला तर थोड्या वेळाने जवळ येऊन हुंगतो, डोक्यावरून हात फिरवलेला आवडत नाही' असं लिहिलं की वाचणारा आपल्या घराचा विचार करू शकतो. फोटो कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून, दिवसाच्या उजेडात, आणि एक माणसाशेजारी, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. जुन्या जखमांचे फोटो मी वापरत नाही. दयेपोटी आलेला माणूस गादी फाटल्यावर फार दिवस थांबत नाही.

विचारणा आली की हो-नाहीचे प्रश्न टाळते. 'वेळ देऊ शकाल ना?' याला सगळेच हो म्हणतात. 'कालचा दिवस कसा गेला, घरी कोण किती वेळ होतं?' यातून खरं कळतं. घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी, आधीच्या प्राण्याचं काय झालं, बदली झाली तर काय, डॉक्टरांचा खर्च कोण करणार, हेही विचारते. घरातल्या प्रत्येकाने कुत्र्याला भेटलंच पाहिजे. एकाची नाराजी पुढे अंगाशी येते. त्यांचा कुत्रा असेल तर भेट दोघांनाही परक्या जागी, दोऱ्या धरायला दोन माणसं, मध्ये भरपूर अंतर ठेवून एकाच दिशेने चालत. घरी जाऊन बाल्कनीचे गज आणि फाटकाखालची फट बघते: डोकं मावत असेल तर कुत्रा निघतो.

सोपवण्याआधी नसबंदी झालेली असावी. नराची नसबंदी झाल्यावरही काही आठवडे तो माजावरच्या मादीपासून लांब ठेवावा, कारण शुक्राणू शिल्लक असतात. सोबत लसीचं कार्ड, औषधांची यादी, न धुतलेलं अंथरूण आणि चालू खाण्याचा साठा द्यायचा. नवं खाणं सात दिवसांत हळूहळू मिसळत न्यायचं. करारात एक अट पक्की: कुत्रा ठेवणं जमलं नाही तर तो माझ्याकडेच परत यायचा, तिसऱ्याकडे जायचा नाही. चिपवरचं नाव आणि फोन त्याच दिवशी बदलून घेते, कारण चिप ठिकाण सांगत नाही, फक्त क्रमांक सांगते, आणि त्या क्रमांकापुढे जुना फोन असेल तर सापडलेला कुत्राही घरी पोहोचत नाही. नंतर तिसऱ्या दिवशी, तीन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी फोन. पहिल्या फोनला पळण्याचं आणि खाण्याचं विचारते, दुसऱ्याला गुरगुरण्याचं आणि एकटं राहण्याचं, कारण तोवर तिथेही तो खुलायला लागलेला असतो.