तुम्ही विचारलंत म्हणून : आधी पैसा, आधी इमारत की आधी डॉक्टर?

लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या एका रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचा चिटणीस म्हणून मी २२ वर्षे काम केले आणि त्या काळात २० खाटांचे ते रुग्णालय ११० खाटांपर्यंत वाढताना पाहिले. त्यामुळे ज्यांना आपल्या भागात असे काही उभे करायचे आहे, किंवा जे मोठी देणगी देण्याच्या विचारात आहेत, ते भेटले की एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात : आधी काय आले, पैसा, इमारत की डॉक्टर? विचारणाऱ्याला बहुधा ‘पैसा’ हे उत्तर अपेक्षित असते. माझे उत्तर ‘डॉक्टर’ असे आहे, पण तेवढ्यावर थांबलो तर ते अर्धवट राहील, कारण चांगला डॉक्टर आजूबाजूला कोण आहे हे पाहून येतो. हे मला शिकवले ते आमच्याकडे न आलेल्या एका डॉक्टरने.

आमचा दुसरा मजला तेव्हा नुकताच बांधून झाला होता. शस्त्रक्रियागृहात नवे दिवे बसले होते, भूल देण्याच्या यंत्रावरचे प्लास्टिकसुद्धा अजून काढलेले नव्हते, आणि पूर्ण वेळ सर्जन हवा अशी जाहिरात आम्ही दिली होती. मुलाखतीला आलेल्यांपैकी एकच उमेदवार आम्हाला मनापासून पसंत पडली. आम्ही चौघे विश्वस्त तिला मोठ्या अभिमानाने सगळे दाखवत होतो. तिने दिव्याची मूठ धरून तो टेबलावर नीट वळवून पाहिला आणि मग अगदी सहज विचारले, “सर, रात्री दोन वाजता भूल द्यायला कोण येतं?” दोन भूलतज्ज्ञ बोलावल्यावर बाहेरून येतात, असे मी सांगितले. “किती वेळात?” या तिच्या पुढच्या प्रश्नावर आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि तिला बहुधा तेवढ्यातच उत्तर मिळाले असावे.

आठ दिवसांनी तिचे पत्र आले. नकार अत्यंत नम्र शब्दांत होता आणि खाली पाच प्रश्न क्रमांक घालून लिहिले होते. रात्री भूलतज्ज्ञ जागेवर असतो का? रक्ताची पिशवी मागवल्यापासून हातात पडेपर्यंत किती वेळ जातो? मोठ्या शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र रुग्णाजवळ कोण जागते, आणि त्या परिचारिकेला अशा रुग्णांची सवय आहे का? काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल कोण देतो आणि कधी देतो? मी रजेवर गेले तर माझे रुग्ण कोण पाहणार? पगाराविषयी पत्रात अक्षरही नव्हते. आमच्यातले एक ज्येष्ठ विश्वस्त या पत्राने चांगलेच दुखावले गेले, कारण त्या मजल्यासाठी त्यांनी दोन वर्षे दारोदार फिरून पैसे जमवले होते. मला मात्र ते पत्र टाकून देववेना. पुढची अनेक वर्षे विस्ताराचा आराखडा म्हणून आम्ही जे काही केले, ते त्या एका कागदाबरहुकूमच केले.

देणगीदाराला खाट दिसते, पण खाटेमागची माणसे दिसत नाहीत, आणि त्यात त्याची काही चूक नाही. हिशेब साधा आहे. आठवड्याचे तास १६८ आणि एका माणसाने आठवड्याला ४८ तास काम करायचे म्हटले, तर चोवीस तास एक जागा भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरले की हा आकडा साडेचारच्या घरात जातो. सहा रुग्णांमागे एक परिचारिका धरली तर २४ खाटांच्या साध्या कक्षात एका वेळी चार जणी हव्यात, म्हणजे एकूण अठरा. अतिदक्षता विभागात गंभीर रुग्णामागे एक परिचारिका लागते, तेव्हा तिथल्या एकेका खाटेमागेच साडेचार जणी झाल्या. त्यापुढे चादरींचे जोड, धुलाई, निर्जंतुकीकरण, प्राणवायूच्या नळ्या, जनित्र, लिफ्ट आणि सांडपाणी असा पसारा वाढत जातो. कोनशिलेच्या दिवशी यातले काहीही कोणाच्या डोळ्यांसमोर नसते. आमचा तो दुसरा मजला चौदा महिने जवळपास रिकामा राहिला. आमच्या मेट्रनबाई रोज सकाळी तिथल्या खाटांवरची धूळ पुसून घेत आणि मी समोर दिसलो की काही न बोलता पुढे जात.

त्या चौदा महिन्यांत मी जुन्या रुग्णालयांच्या जन्मकथा वाचून काढल्या, आणि जी टिकली, वाढली, त्यांच्यापैकी पुष्कळांनी क्रम उलटा लावला होता हे पाहून थोडा खजीलही झालो. फिलाडेल्फियातल्या पेन्सिल्व्हेनिया हॉस्पिटलची कल्पना डॉ. थॉमस बाँड यांची. वर्गणी जमेना म्हणून ते बेंजामिन फ्रँकलिनकडे गेले. लोकांनी दोन हजार पौंड जमवले तर प्रांतिक विधिमंडळानेही तेवढेच द्यावेत, असा सशर्त ठराव फ्रँकलिनने १७५१ साली मंजूर करून घेतला. वर्गणी कधी एवढी जमणारच नाही अशी समजूत असल्याने विरोधकांनीही होकार दिला, आणि आपला रुपया दुप्पट होतो म्हटल्यावर लोकांनी मात्र हात सैल सोडला. ही युक्ती सगळे सांगतात. मला त्यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. पैसे जमल्यावर त्यांनी इमारतीची वाट पाहिली नाही. १७५२ साली भाड्याच्या घरात रुग्ण घ्यायला सुरुवात केली आणि स्वतःच्या वास्तूची कोनशिला त्यानंतर तीन वर्षांनी बसवली.

अमेरिकेतल्याच रॉचेस्टर या गावाला १८८३ साली चक्रीवादळाचा तडाखा बसला. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींच्या प्रमुख मदर आल्फ्रेड मोझ यांनी त्यानंतर तिथल्या डॉ. विल्यम वॉरेल मेयो यांच्यापुढे रुग्णालयाचा प्रस्ताव ठेवला. एवढ्याशा गावाला रुग्णालय परवडणार नाही, असे डॉक्टरांचे मत होते. त्यावर बाईंचे म्हणणे असे की, वैद्यकीय जबाबदारी तुम्ही घेणार असाल तर इमारतीचे आम्ही पाहतो. डॉक्टरचा शब्द आधी आणि विटा नंतर, असा हा व्यवहार होता. १८८९ साली तिथे २७ खाटांचे सेंट मेरीज रुग्णालय उघडले, मेयो यांचे दोन्ही मुलगे तिथे शस्त्रक्रिया करू लागले, आणि आज जगभर ओळखले जाणारे मेयो क्लिनिक त्यातूनच वाढले.

तमिळनाडूतल्या वेल्लोरला आयडा स्कडर या अमेरिकी मिशनरी डॉक्टरबाईंनी १९०० साली एका खाटेवर काम सुरू केले. दोन वर्षांत देणगीतून ४० खाटांचे रुग्णालय झाले, पण बाहेरून माणसे आणून ते चालणार नाही हे बाईंनी ओळखले असावे, कारण १९०९ साली परिचारिकांचे आणि १९१८ साली स्त्रियांसाठी वैद्यकीय शिक्षण त्यांनी तिथेच सुरू केले. मुंबईच्या केईएमचे उदाहरण तर देणगीदारांना मी मुद्दाम सांगतो. त्या रुग्णालयाला जोडलेल्या गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयासाठी शेठजींच्या विश्वस्तांनी देणगी दिली, ती अध्यापक व डॉक्टर सरकारी नोकरीत नसलेले, पात्र भारतीयच असले पाहिजेत या अटीवर. १९२६ साली दोन्ही संस्था सुरू झाल्या. पाटी किती मोठी आणि कोणत्या भिंतीवर, एवढ्यापुरत्या अटी घालणाऱ्या देणग्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तिथे माणसे कोण असावीत याची अट घालणारा देणगीदार मला २२ वर्षांत एकदाही भेटला नाही.

पाटीची हौस मला क्षुल्लक वाटत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. गेलेल्या आईचे नाव कुठेतरी दिसत राहावे असे वाटणे यात हसण्यासारखे काही नाही. अशाच एका कुटुंबाला स्वागतकक्षाला आईचे नाव द्यायचे होते. मी त्यांना सर्जनचे ते पत्र वाचून दाखवले आणि विचारले की, त्याच पैशांत दोन निवासी भूलतज्ज्ञांचा तीन वर्षांचा पगार तुम्ही उचलाल का? दोन अशासाठी की एकटा माणूस वर्षाच्या ३६५ रात्री जागा राहू शकत नाही. भूलतज्ज्ञासाठी देणगी द्यायला सहसा कोणी पुढे येत नाही, कारण शुद्धीवर आलेल्या रुग्णाला सर्जन आठवतो, भूल देणारा आठवत नाही. थोरल्या मुलाने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, “मग पाटी कुठे लावाल?” आम्ही ती शस्त्रक्रियागृहाच्या दारावर लावली. ‘येथे चोवीस तास भूलतज्ज्ञ उपस्थित असतात’ ही वरची ओळ, आणि खाली त्यांच्या आईचे नाव.

त्या पाटीने जे केले ते आमच्या दोन जाहिरातींना जमले नव्हते. भूलतज्ज्ञ रात्री जागेवर असतो हे कळल्यावर अडलेल्या बाळंतिणी आमच्याकडे येऊ लागल्या, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ पूर्ण वेळ यायला तयार झाल्या; अपघाताचे रुग्ण पुढे पाठवावे लागेनात, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञ आला; श्वासनलिकेत नळी घालून रुग्ण सांभाळणारी माणसे घरातच आहेत म्हटल्यावर अतिदक्षता विभागाच्या सहा खाटा खऱ्या अर्थाने चालू झाल्या. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्या दोघांचा पगार विभागाच्या उत्पन्नातून निघू लागला, आणि रिकाम्या मजल्यासाठी हात आखडता घेणारे देणगीदार भरलेल्या मजल्यासाठी आपणहून विचारू लागले.

एक देणगी मात्र आम्ही नाकारली, आणि त्यावरून अजूनही बोल लावणारे आहेत. एका मोठ्या देणगीदाराला हृदयशस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग बांधून द्यायचा होता. आमच्या परिसरातून अशा शस्त्रक्रियांचे रुग्ण वर्षाला फार तर तीस-चाळीस निघाले असते. हॅरोल्ड लुफ्ट या अमेरिकी संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली बारा प्रकारच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात हृदयशस्त्रक्रियेसारख्या काही प्रकारांत वर्षाला २०० किंवा अधिक शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांतले मृत्यूचे प्रमाण २५ ते ४१ टक्क्यांनी कमी आढळले होते. हात चालता राहिला नाही तर कौशल्य बोथट होते, आणि ज्याला आपल्या हाताची काळजी आहे असा सर्जन अशा ठिकाणी टिकत नाही. देणगीदाराला हे पटले नाही. ते नाराज होऊन गेले, त्यांची रक्कम दुसरीकडे गेली आणि मंडळाच्या बैठकीत मला बरेच ऐकून घ्यावे लागले. विस्तार म्हणजे जे नाही ते सगळे आणणे, असा एक समज असतो. आहे ते काम रोज, रात्रीसुद्धा, नीट होणे हाही विस्तारच आहे, पण त्याचे उद्घाटन करता येत नाही.

पैशाचेच म्हणाल तर इमारतीची देणगी एकदाच येते आणि पगार दरमहा द्यावा लागतो, ही खरी अडचण आहे. त्यावर आम्ही काढलेला उपाय म्हणजे एकेका पदाच्या नावाने कायम निधी. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजातून पगार द्यायचा. व्याज सहा टक्के मिळाले तर वर्षाच्या पगाराच्या जवळपास सतरापट रक्कम लागते. पण पगार दरवर्षी वाढतो, म्हणून दोन टक्के व्याज पुन्हा निधीतच टाकायचे ठरवले, तर चार टक्क्यांवर पंचवीसपट. हा आकडा ऐकून बहुतेक जण गप्प होतात. तरीही आमच्या सहा पदांना असा निधी मिळाला, त्यातली चार परिचारिकांची आहेत. परिचारिकांसाठी वसतिगृहही बांधले, आणि मला विचाराल तर आमच्या सगळ्या बांधकामांत ते सर्वांत उपयोगी ठरले, कारण रात्रपाळी संपल्यावर दहा मिनिटांत अंथरुणाला पाठ टेकता येते म्हणून थांबलेल्या मुलींची संख्या पगारवाढीमुळे थांबलेल्यांपेक्षा जास्त होती. मेट्रनबाईंनी तसा हिशेबच ठेवला होता.

त्या सर्जनला सात वर्षांनी मी पुन्हा पत्र पाठवले, पाच प्रश्नांपुढे आमची उत्तरे लिहून. त्या आल्या, पूर्वीसारख्याच सगळीकडे फिरल्या, यावेळी रात्री दहा वाजता एकदा न सांगताही येऊन गेल्या, आणि पुढच्या महिन्यात रुजू झाल्या. आज त्यांच्या जोडीला दुसरे सर्जन आहेत, तेव्हा पाचव्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापुरते मिळाले आहे. गाठींचे अहवाल देणारे आमचे पॅथॉलॉजिस्ट मात्र अजून एकटेच आहेत, आणि गेल्या चार वर्षांत त्यांना सलग दोन आठवड्यांची रजा देता आलेली नाही. सध्या भेटायला येणाऱ्या देणगीदारांपुढे मी तेवढे एकच पद ठेवतो.